पॅकिंग बिचारे निर्दोष होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर जुन्या गाड्यांच्या देखभालीवरचा लेख वाचला. टायर, बॅटरी, वायरिंग, सगळे पटले. इंजिन ऑइलच्या गळतीची मात्र लेखकाने एका ओळीत बोळवण केली आहे: ‘ऑइल गळत असल्यास पॅकिंग बदलून घ्यावे.’ त्या एका ओळीपायी माझे दीड वर्ष गेले, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर नोकरी केली. हे सांगायचे कारण, गळतीकडे बघण्याची माझी नजर त्या नोकरीनेच बिघडवली होती. पंपाच्या शाफ्टभोवती ग्लँडमध्ये पॅकिंगची दोरी भरलेली असते आणि तिथून पाणी थोडेसे ठिबकत राहावेच लागते. त्या पाण्यानेच दोरी ओली आणि गार राहते. नवखा माणूस ठिबक दिसली की पाना घेऊन ग्लँड आवळत सुटतो. मग दोरी करपल्याचा वास येतो, शाफ्टला चरे पडतात ते वेगळेच. त्यामुळे थेंब दिसला म्हणून घाबरायचे नाही, हे माझ्या हाडीमाशी मुरलेले. माझ्या बावीस वर्षांच्या पेट्रोल गाडीखाली रोज सकाळी बांगडीएवढा काळा डाग दिसू लागला, तेव्हा ‘वय झालेय, ठिबकणारच’ असे म्हणून मी खाली पुठ्ठा सरकवला आणि विषय संपवला.

विषय संपला नव्हता. गाडी सिग्नलला उभी राहिली की करपलेल्या तेलाचा वास आत यायला लागला. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होते. हे ठिबकणे आणि ग्लँडचे ठिबकणे एक नव्हे, एवढे कळायला मला तो वास लागला. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, पाहिली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. दोन खुणांमधले अंतर बऱ्याच गाड्यांत जवळपास एक लिटरचे असते. म्हणजे लिटरभर तेल कुठेतरी गेले होते आणि पुठ्ठ्यावर त्याचा थोडाच हिशेब होता.

पहिल्या खेपेला गॅरेजमध्ये टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचे, पॅकिंग बदलले. जुने पॅकिंग मी हातात घेऊन पाहिले. रबर कसले, काळी काडी झाली होती. वाकवायला गेलो तर कट्कन मोडली. उष्णतेने रबर असे कडक होतेच, तेव्हा निदान पटले. चार महिन्यांनी डाग पुन्हा हजर. दुसऱ्या खेपेला नवे पॅकिंग, त्यावर सढळ हाताने सिलिकॉन, आणि बोल्ट ‘चांगले दाबून’. या वेळी तीन महिने. मधल्या काळात एका स्नेह्याने गळती थांबवण्याचे औषध आणून दिले. ही औषधे कडक झालेले रबर मऊ करून किंचित फुगवतात, त्यामुळे काही आठवडे बरे वाटते. मलाही वाटले.

तिसऱ्या खेपेला मिस्त्री गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, “काका, आता मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, हे मागचे सील इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसते. सील तळहाताएवढे, पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील, सगळे काढावे लागते. माणूस खोटे बोलत नव्हता. तेल खरोखरच त्याच जागेवरून टपकत होते. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

पाइपलाइनवर आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. पाणी जिथे दिसते तिथे पाइप फुटलेला असेलच असे नाही. तेलाचेही तेच, ते उताराने खाली येते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकते. म्हणून आधी सगळे इंजिन धुऊन काढले. अल्टरनेटर आणि वायरिंगवर प्लास्टिक बांधले, तेलकट थर ब्रशने घासला, कापडाने कोरडा केला. मग अंगाला लावायची साधी पावडर टॅपेट कव्हरच्या कडेपासून खालपर्यंत भुरभुरली. इंजिन पांढरेफेक झाले. वीस मिनिटे गाडी फिरवून आणली, बंद करून थोडी निवू दिली आणि टॉर्च व दाढीचा लहान आरसा घेऊन वाकलो. (तेलात रंग घालून अतिनील दिव्याखाली शोधण्याची पद्धतही आहे, पण माझ्याकडे पावडर होती.)

आरशात दिसले ते असे: पांढऱ्या पावडरीवर मुंग्यांच्या रांगेइतकी बारीक, तपकिरी, ओली रेघ. ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघाली होती, हेडच्या (झाकणाखालच्या इंजिनच्या वरच्या भागाच्या) पाठीवरून उतरली होती, गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणावर आली होती, आणि त्याच्या तळाशी एक थेंब लोंबत होता. मागचे सील गळले असते तर थेंब बरोबर तिथेच आला असता. त्या रेघेखेरीज बाकी पावडर कोरडी ठणठणीत. गिअरबॉक्स उतरवला असता, सील बदलले असते, आणि तेल पुन्हा वरून त्याच वाटेने खाली आले असते.

म्हणजे गुन्हेगार पुन्हा टॅपेट कव्हरचे पॅकिंगच? पण ते तर तीन महिन्यांचे, नवेकोरे. इथे मात्र जुनी नोकरी कामाला आली. चांगले पॅकिंग वारंवार हरते तेव्हा पलीकडे दाब किती आहे ते बघायचे. आणि दाबाची खूण मी कितीतरी दिवस पाहत होतो: डिपस्टिक दर वेळी अर्धा बोटभर वर आलेली असायची. मीच नीट दाबली नसेन असे समजून मी ती परत खाली दाबत होतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडा त्यांच्या बाजूने निसटून खाली इंजिनच्या पोटात उतरतोच. तो तिथे साठू नये म्हणून एक ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्या वाटेने तो वायू इनटेककडे ओढला जातो आणि पुन्हा जळतो. ही वाट बुजली की पोट फुगते, आणि तेल जिथे सांधा कच्चा असेल तिथून बाहेर ढकलले जाते. आज इथले पॅकिंग बदला, उद्या दुसरे सील गळेल. तपासायला सोपे आहे. गाडी उभी ठेवून, इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढायचे आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरायची. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ती हलकी आत ओढली जायला हवी. माझी पिशवी टम्म फुगली.

ब्रीदरचा रबरी पाइप काढून आडवा धरला तर पलीकडचे दिसेना. आत खरुजेच्या मलमासारखा काळपट गाळ. व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला तर आतली गोळी खुळखुळायला हवी, तो मुका. हा गाळ माझ्याच कृपेचा होता. निवृत्तीनंतर गाडी पाच-सात मिनिटांपलीकडे चालतच नव्हती. इंजिन पुरते तापत नाही, ज्वलनातली पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलातून उडून जात नाही, आणि त्याचा हा चिखल होतो. गाडी जपून वापरतो म्हणून मी अभिमान बाळगत होतो!

टॅपेट कव्हर उघडल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. ‘चांगले दाबून’ बसवल्याने पत्र्याची कड प्रत्येक बोल्टपाशी खाली वाकली होती आणि मधल्या भागात पॅकिंगवर दाबच राहिला नव्हता. काचेवर कव्हर ठेवून मागे टॉर्च धरला तर उजेडाच्या फटी दिसत होत्या. दुसरे म्हणजे सिलिकॉन. जास्तीचे सिलिकॉन आतल्या बाजूला शेवयांसारखे लोंबत होते. त्यातली एखादी शेवई तुटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, गेली आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसली, तर इंजिनला तेल मिळायचे बंद. ते पाहून मात्र अंगावर काटा आला.

लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून कड हलक्या हातोडीने सपाट केली. पाइप आणि व्हॉल्व्ह नवे घातले. तिसरे पॅकिंग कोरडेच बसवले. सिलिकॉनचा फक्त एकेक ठिपका, तोही कॅमची टोपी हेडला मिळते त्या कोपऱ्यांत. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आवळले. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना १० न्यूटन मीटर दिले आहे. एवढा जोर म्हणजे आखूड पाना मनगटाने वळवण्याइतका. पहिल्यांदा टॉर्क रेंचने (ठरलेला जोर लागला की आवाज करणाऱ्या पान्याने) टिक् केले तेव्हा मला वाटले रेंच बिघडलाय. हे सगळे त्याच मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये, त्याच्या मदतीने केले. त्यालाही पिशवीचा प्रयोग आवडला.

प्रत्येक गळती अशीच असते असे मी म्हणत नाही. सीलची कड झिजते, क्रँकवर खाच पडते, कधी ऑइल बदलताना ड्रेन बोल्टचा वॉशर जुनाच घातला जातो. ब्रीदर साफ करूनही पिशवी फुगत राहिली तर रिंगा झिजल्याची शंका घ्यावी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासावे. तो आजार मोठा. पण पिशवी धरायला अर्धे मिनिट लागते आणि गिअरबॉक्स उतरवायला दिवस. आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी त्या ओळीआधी ही एक ओळ घालावी, एवढीच विनंती.

या दुरुस्तीला चौदा महिने झाले. आता आठवड्यातून एकदा गाडी तासभर लांब फिरवून आणतो. पुठ्ठा बदलून नवा घातला आहे. परवा त्यावर ओला डाग दिसला आणि मी टॉर्च-आरसा घेऊन धावलो. बोट लावून वास घेतला. पाणी होते, एसीचे.

आपला नम्र,
एक निवृत्त पंपचालक