इन्फ्लेशनच्या बातमीत ध्वनीचा वेगही हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विश्वाच्या आरंभी झालेल्या अतिवेगवान प्रसरणाविषयी, म्हणजेच इन्फ्लेशनविषयी, मराठी वृत्तपत्रे आवर्जून लिहितात याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र ‘आदिम गुरुत्वीय लहरी (त्या प्रसरणात अवकाशातच उठलेले तरंग) आढळल्या नाहीत, म्हणून अमुक मॉडेल बाद झाले’ असे जेव्हा छापले जाते, तेव्हा त्यामागचे एक गृहीतक वाचकापर्यंत पोहोचत नाही. ते गृहीतक ध्वनीच्या वेगाचे आहे.

इथे ध्वनीचा वेग म्हणजे इन्फ्लेशन घडवून आणणाऱ्या क्षेत्रातील सूक्ष्म चढउतार ज्या वेगाने पसरतात तो वेग. इन्फ्लेशन संपल्यानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे तप्त प्लाझ्मात ज्या ध्वनिलहरी होत्या, त्यांचा वेग प्रकाशाच्या ५८ टक्क्यांच्या आसपास वा त्याहून कमी होता. तो विषय निराळा असून या दोहोंची गल्लत होऊ नये.

साध्या मॉडेलांत हा वेग प्रकाशाइतकाच असतो. परंतु १९९९ साली आर्मेंदारिस-पिकॉन, दामूर आणि मुखानोव्ह यांनी मांडलेल्या के-इन्फ्लेशनमध्ये क्षेत्राच्या गतिज ऊर्जेचे सूत्रच वेगळे असल्याने तो कमी होऊ शकतो. २००४ साली स्ट्रिंग सिद्धांतातून पुढे आलेल्या डीबीआय (डिराक-बॉर्न-इन्फेल्ड) मॉडेलातही तसेच घडते. वेग कमी झाला की चढउतार लवकर, म्हणजे त्यांची तरंगलांबी अजून लहान असतानाच, गोठतात (बदलायचे थांबतात) आणि त्यांची तीव्रता वाढते. गुरुत्वीय लहरी मात्र प्रकाशाच्याच वेगाने जातात, त्यामुळे त्यांच्या तीव्रतेवर याचा परिणाम होत नाही. परिणामी लहरी आणि घनतेतील चढउतार यांचे गुणोत्तर, ज्याला शास्त्रज्ञ ‘आर’ म्हणतात, वेगाच्याच प्रमाणात घटते.

आकडे घालून पाहू. प्रसरणाचा दर ज्या गतीने मंदावतो ती दाखवणारी राशी ०.००८ धरली (आर म्हणजे ही राशी गुणिले १६ गुणिले प्रकाशाच्या तुलनेतला वेग), तर वेग प्रकाशाइतका असताना आर सुमारे ०.१३ येतो. दक्षिण ध्रुवावरील बायसेप आणि केक दुर्बिणींच्या २०२१च्या निष्कर्षानुसार आर ०.०३६ पेक्षा कमी असला पाहिजे, म्हणजे हे मॉडेल बाद. तीच राशी कायम ठेवून वेग प्रकाशाच्या एक पंचमांश धरला, तर आर ०.०२६ च्या घरात येतो आणि मॉडेल तगते!

मग वेग हवा तितका कमी करून कोणतेही मॉडेल वाचवता येईल का? नाही, आणि मला या विषयातले हेच सर्वांत सुंदर वाटते. वेग घटला की चढउतारांची परस्परक्रिया वाढते आणि त्यांचे वितरण गाउसच्या घंटाकृती वक्रापासून ढळते. डीबीआय मॉडेलात हे विचलन दाखवणारा आकडा वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते: एक पंचमांश वेगाला तो सुमारे उणे ८ असतो, तर एक विसांश वेगाला सुमारे उणे १३०. विश्वाच्या आरंभकाळातले प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांत असे विचलन आढळले नाही, म्हणूनच डीबीआयसाठी वेग प्रकाशाच्या ८.६ टक्क्यांहून कमी नसावा, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. मात्र मॉडेलाचा आग्रह न धरता पाहिले, तर ही मर्यादा जेमतेम दोन टक्क्यांवर उतरते. म्हणजे प्रकाशाइतका वेग हे आजही गृहीतकच आहे, मोजमाप नव्हे. लहरींवरून काढलेला त्या काळच्या ऊर्जेचा अंदाज मात्र या वेगावर अवलंबून नसतो, हेही सांगायला हवे.

म्हणून विनंती अशी की, आरविषयी पुढचा निष्कर्ष येईल तेव्हा बातमीच्या शेजारी एक छोटी चौकट द्यावी: तो निष्कर्ष ध्वनीचा कोणता वेग धरून काढला आहे आणि वितरणातील विचलनाची त्या वेळची मर्यादा काय आहे. विज्ञान शाखेच्या आपल्या विद्यार्थ्यांना ही आकडेमोड स्वतः करून पाहता येण्याजोगी आहे.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक अध्यापक, सातारा