सातबांधच्या वहाणा

दुर्भाट, फोंडा
आषाढ अमावास्या

प्रिय बाबू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. पण तू सुचवलंस त्याला 'नाही' म्हणायचं होतं, आणि नुसत्या 'नाही'ने तुझं भागत नाही हे मला नववीपासून ठाऊक आहे. म्हणून आज सवड काढली. पहाटेपासून पाऊस कोसळतोय, वीज गेली आहे. रात्री उधाणाची भरती आहे, संध्याकाळीच बांधावर जाईन. तोवर तुझ्याशीच बोलतो.

तू लिहितोस, सातबांध, आपण नववीत वहीत रचलेलं ते खेळातलं गाव, संपवायचंच असेल तर दणक्यात संपव. डोंगरातून ड्रॅगन उतरव, एका रात्रीत गाव जाळून टाक, पोरं जन्मात विसरायची नाहीत. ती विसरणार नाहीत हे मला पटतं. पण आपलं गाव तसं जाणार नाही. गेले दोन महिने मी याच एका गोष्टीचा विचार करतोय.

पोरं कशी खेळतात ते आधी सांगतो. दर रविवारी जेवणं झाली की माझी पुतणी आणि तिची पाच मित्रमंडळी आमच्या ओसरीवर जमतात. प्रत्येकाचं सातबांधमध्ये एक माणूस आहे: कुणी चर्मकाराची मुलगी, कुणी तरीवाला, कुणी परगावाहून आलेला वैद्य. ती बोलतात, ठरवतात, अडलं की फासे टाकतात. उरलेलं सगळं गाव मी. पाऊस मी, भरती मी, तांदळाचा भाव मी, सभेचा कुळकर्णी मी. मध्ये तुझा नकाशा असतो, जर्नलच्या मागच्या पानावर काढलेला, धक्क्यापाशी खोडरबराने भोक पडलेला. ते भोक आता गावातला भोवरा आहे. पोरांनीच तसं ठरवलं.

आपण वही मिटली तेव्हा सातबांध भरात होतं. पोरं तिथे शंभर वर्षांनी पोचली. पहिल्याच रविवारी मी सहज बोलून गेलो की चाळीस दिव्यांपैकी नऊ पेटलेले दिसतात. पुतणीने लगेच विचारलं, "काका, बाकीचे कधी विझले?" मला सांगता येईना.

म्हणून जूनमध्ये एका सकाळी बस धरून जुन्या गोव्याला गेलो. शाळेच्या सहलीत आपण तिथली चर्चं पाहिली होती, शहर कुठे पाहिलं? या वेळी मोंत सांतावर ऑगस्टीनच्या मनोऱ्याखाली छत्री धरून तासभर उभा राहिलो. ४६ मीटर उंचीचं चिऱ्याचं काम, तेही अर्धंच उरलेलं. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद झाले, मठ रिकामा झाला, आणि १८४२ मध्ये आतली कमान खाली आली. दर्शनी भिंत मात्र १९३१ पर्यंत तग धरून होती. माणसं गेल्यावर छत सात वर्षं टिकलं. भिंत जवळजवळ शंभर वर्षं नुसती उभी, आतून पोकळ. मनोऱ्यातली घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. कितीदा ऐकली असशील तू ती, पायऱ्यांखाली बसची वाट बघताना! सातबांधची घंटाही मी पलीकडच्या गावाला गेलेली दाखवली आहे. वारा पडला की पाण्यावरून ऐकू येते, आणि म्हातारी माणसं बोलायचं थांबतात.

शहर कसं रिकामं झालं ते बघ. विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, १६९५ मध्ये जवळच्या पणेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीला. पणजी राजधानी असल्याचं फर्मान निघालं १८४३ मध्ये. चौऱ्याऐंशी वर्षं राजधानी कागदावर एका गावात आणि राज्यकारभार दुसऱ्या. नव्या पणजीसाठी जुन्याच शहराचे दगड होडीतून नेले. गोवा पाहिला त्याला लिस्बन बघायची गरज नाही असं ज्याच्याबद्दल म्हणायचे, ते हे शहर.

पोरांना सांगितलं तेव्हा तरीवाला म्हणाला, "संभाजी महाराजांमुळे ना?" ऊर भरून आला, पण खरं ते सांगायला हवं होतं. १६८३ मध्ये महाराजांनी जुवे बेट घेतलं, विजरई स्वतः चालून गेला आणि जखमी होऊन परतला. भीती एवढी बसली की राजधानी मुरगावला हलवायचं घाटत होतं. पण मोगल फौज कोकणात उतरली, महाराजांना परतावं लागलं, आणि शहर राहिलं. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का घेतलं, १६६३ मध्ये कोची. व्यापार आटला, तरी शहर राहिलंच. त्याला पोखरलं विहिरींनी. चिऱ्याची जमीन म्हणजे चाळण. घरामागची घाण झिरपत झिरपत पिण्याच्या पाण्यात उतरायची. साथ यायची, माणसं मरायची, उरलेली तेच पाणी शेंदायची. किती पिढ्या! सेनादो ही नगरसभा होती, मालाची वजनं आणि भाव बघणारी. मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था होती, अनाथ-विधवांचं बघणारी. पाणी मात्र कुणाच्या हातून सुधारलं नाही. आणि त्याच तिसवाडीत, झुआरीच्या काठी, त्याही आधीचं कदंबांचं गोपकपट्टण बंदर गाळात गेलेलं. एका बेटावर दोन राजधान्या, दोन्ही गेलेल्या.

सातबांधची सभा मी सेनादोवर बेतलेली नाही. ती गावकरीवर, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक कारभारावर, बेतली आहे, जशी आपण नववीत तुझ्या आजोबांचं ऐकून बेतली होती. पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये फोराल, म्हणजे सनद, लिहून घेतला, त्यात तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रिवाज नोंदले. म्हणजे ते रिवाज त्यांच्या आधीचे. आपल्या वहीत बारा वांगड, म्हणजे मूळ घराणी, आहेत. सभेला प्रत्येक वांगडाचा माणूस हवा, आणि एकाने जरी 'नाका', म्हणजे नको, म्हटलं तरी ठराव बारगळला. तुला आठवतं, हा नियम आपल्याला केवढा थोर वाटला होता? दुबळ्यातल्या दुबळ्या घराला गाव थांबवता यावं! आजही तो मला थोर वाटतो. पण शंभर वर्षांत पाच वांगडांची माणसं पाण्यापलीकडे गेली. वर्षातून एकदा येतात, जमिनीच्या उत्पन्नातला वाटा घेतात, जेवतात, परत जातात. सभेला बारा लागतात आणि सातच बसतात. सातांना ठराव करता येत नाही, आणि नियम बदलायचा तरी ठराव लागतो. कुळकर्णी सातांची नावं लिहितो, पुढे 'सभा तहकूब' लिहितो, सही करतो. पोरांना मी ती वही हाताने लिहून दाखवली, चार पानं भरून 'तहकूब'. चर्मकाराची मुलगी झालेली पोर पानं उलटत बसली, फासे टाकायचं विसरून.

आणि आता वहाणा. हे तुला सांगायला मी किती उतावीळ होतो!

वेताळाला वाहिलेल्या वहाणा रात्रीच्या फेऱ्यांनी झिजतात, असं आपल्याकडे सांगतातच. सातबांधच्या राखणदाराला सभेत जागा आहे, बारांच्या नंतरची, रिकाम्या पाटाची. दर माघात त्याला चामड्याची नवी जोडी द्यायची, आणि जुनी सभेत आणून तळवे सर्वांना दाखवायचे. तीच त्याची हजेरी. भरभराटीच्या काळात जोडी वर्षभर पुरायची, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला घरटी एक माणूस बांधावर असायचा आणि राखणदाराला एकच फेरी पुरायची. मग मोठी घरं स्वतः येण्याऐवजी गडी पाठवू लागली. मग गड्याऐवजी पैसे. मग पैसे बाकी राहू लागले, आणि कुळकर्णी बाकीदारांपुढेही 'हजर' लिहू लागला, कारण गावात तोंड दाखवायचं असतं. त्या वर्षी वहाणा आठ महिन्यांत झिजल्या. पुढे सहा. पुढे तीन. आणि सभेत भांडण कशावरून, तर चामड्याच्या खर्चावरून! एका वांगडाचा माणूस म्हणतो, राखणदार उधळ्या झाला आहे, वर्षाला एकच जोडी द्या. बांधावर दुसरं कुणीच चालत नाही म्हणून तो एकटा चालतोय, हे त्या सातांपैकी एकालाही सुचत नाही. चामड्याची बाकी थकली. आता राखणदार अनवाणी आहे.

मगरीबद्दलही तुला सांगायचं आहे. ड्रॅगन आपल्याला परका. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी अजून आहेत, आणि आमच्याकडे पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर थापून पुजतात, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतीचा, बांध राखण्यासाठी. सातबांधमध्ये ती थापलेली मगर रात्री जिवंत होते आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी जाऊन पडते. ती गावाची आहे, ती कशी गाव जाळील?

तुला वाटेल, एवढं का मनाला लावून घेतोय हा. बाबू, तीन वर्षांपूर्वी आमचा बांध फुटला. तुला तेव्हा कळवलं नाही. कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ होतं, मूठभर. बांधाच्या आतल्या अंगाला ओल दिसली तेव्हाच दोघा-तिघांनी बोलून दाखवलं होतं. कचेरीत अर्ज दिला, तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. पूर्वी अशा वेळी हाक पडली की चिखल, पेंढा, चिरे घेऊन गाव धावायचं. या वेळी वर्गणी काढून गडी लावायचं ठरलं. मी माझे पैसे दिले आणि घरी येऊन झोपलो. श्रावणातल्या उधाणाला त्या बिळाची वाट झाली आणि मानशीच्या बाजूचा तुकडा गेला. सकाळी जाऊन पाहिलं तर मानशीची लाकडी दारं जागच्या जागी शाबूत, ओहोटीला उघडत होती, भरतीच्या दाबाने मिटत होती, आपलं काम चोख करत होती. आणि दहा पावलांवरून खाडी सरळ शेतात. कोरगुट भाताला खारं थोडंफार सोसतं, पण खारं पाणी साचून राहिलं तर तेही कुजतं. उन्हाळ्यात जमीन पांढरी पडली, मिठाचे पापुद्रे निघत होते. त्यावरून चालताना बाबांचे पाय कसे थबकत होते ते मी पाहिलं आहे. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही की त्या रात्री तू कुठे होतास.

बांध पुन्हा घातला गेला. तेव्हापासून उधाणाला मी स्वतः जातो. चार-पाच जण असतो. पण सातबांधच्या वहीत 'हजर' लिहिलेल्या त्या नावांत माझं नाव आहे, हे मी पोरांना अजून सांगितलेलं नाही.

मागच्या रविवारी पोरांनी मला चकित केलं. मी वाटेत दरोडेखोर ठेवले होते, पडक्या वखारीत खजिना ठेवला होता. तिकडे कुणी फिरकलंच नाही. चर्मकाराच्या मुलीने घरातल्या घरात एक जोडी शिवली, सभेला न विचारता, आणि सगळी सहा जणं ती बांधावर ठेवून रात्रभर दबा धरून बसली. मी सांगितलं की मध्यरात्री वहाणा हलल्या, ओल्या मातीवर ठसे उमटत गेले, आणि दर वीस पावलांवर ठसे थांबतात, कुणीतरी वाकून बोटांनी बिळात चिखल दाबल्यासारखं. ओसरीवर कुणी बोलेना. मग माझी पुतणी हळूच म्हणाली, "आम्ही त्याच्या मागून चालतो. त्याचं एखादं बीळ राहिलं तर आम्ही बुजवतो." फासे कशाला टाकायचे याला? मी नाही टाकायला लावले.

गाव वाचेल की नाही हे मी ठरवलेलं नाही. बारांची सभा सहा पोरांनी भरत नाही. पण ती आता मानशीपर्यंत पोचली आहेत, आणि मानशीला कुलूप आहे.

इथे तुझं काम आहे. मानशीवरचा म्हातारा तुझा. वहीत तुझ्या निळ्या शाईत लिहिलंय, "चावी माझ्याकडेच राहील, मी सांगेन त्यालाच मिळेल," आणि खाली तुझी नववीतली सही. तो शंभर वर्षं जगला असेल तर जगू दे, आपल्या गावात तेवढं चालतं. मेला असेल तर कसा आणि चावी कुठे ठेवून, तेही तूच सांग. तुझा माणूस माझ्या तोंडी घालायचा मला हक्क नाही. पोरांना तो दार उघडेल का, आणि उघडताना काय म्हणेल, तेवढं त्याच्या भाषेत लिहून पाठव. पोस्टाने उशीर होईल, फोनवर पानाचा फोटो टाकलास तरी चालेल. अक्षर मात्र तुझंच असू दे, पोरांना वहीतल्या अक्षराशी ताडून बघायचंय.

वहिनींना नमस्कार. पाच वाजत आले, पाणी चढायला लागलं असेल. निघतो.

रविवारच्या आत पाठव.

तुझाच,
कुळकर्णी, सातबांध