तक्रार नळाची होती, डॉक्टरसाहेब

डॉक्टरसाहेब नमस्कार,

तुमची नगराध्यक्षपदाची टर्म संपली म्हणून आत्ता लिहितेय, आधी लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते हिचं काहीतरी काम अडलंय.

बाबा तुमच्याकडे पेशंट म्हणून आलेच नव्हते. नळाला पाणी कमी दाबाने येतं असा अर्ज घेऊन नगरपरिषदेचे दोन जिने चढले आणि तुमच्या टेबलासमोर धापा टाकत उभे राहिले. तुम्ही अर्ज घेतलात, बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "काका, रात्री किती उशा घेता?" मला वाटलं हे काय भलतंच. बाबा म्हणाले तीन, सपाट झोपलं की दम लागतो.

मग तुम्ही खुर्चीतून उठून चक्क फरशीवर बसलात, बाबांचा मोजा खाली केलात आणि नडगीवर अंगठा दाबून धरलात. अंगठा काढला तरी खड्डा तसाच, म्हणजे पायात पाणी साचलेलं. नगरसेवक, कॉन्ट्रॅक्टर सगळे बघत होते, कुणाचीतरी फाईल सहीसाठी थांबली होती, आणि तुम्ही तो मोजा परत वर चढवत होतात, टाच नीट टाचेवर बसेपर्यंत. बाबा लाजून पाय मागे घेत होते. मला बाकी सगळं विसरायला होईल, तो मोजा नाही.

कारण त्याआधी सहा महिने आम्ही दोन डॉक्टर केले होते. एक म्हणाले वय झालं, दुसऱ्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, तेही मान वर न करता. पाय कुणी बघितलेच नाहीत, फी तेवढी वेळेवर घेतली!

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के आलं तेव्हा मी रडलेच. नॉर्मल माणसाचंही १०० नसतं, ५५-६० च्या आसपास असतं, हे तुम्ही सांगितलंत म्हणून जरा धीर आला. आता बाबा रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहितात, तीन दिवसांत २ किलो वाढलं तर अंगात पाणी साचत असेल, तुम्हाला कळवायचं, एवढं पक्कं डोक्यात बसलंय. उशी एकच लागते.

खुर्ची मिळाली की समोर उभा असलेला माणूस दिसेनासा होतो हेच आजवर बघत आलेय, तुम्हाला मात्र त्याचा श्वास ऐकू आला.

परवा बाबा तेच दोन जिने न थांबता चढले. नवीन साहेबांकडे अर्ज दिला. नळ अजून तसाच आहे, डॉक्टरसाहेब.