पाठ फिरवून बसलेल्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

ऐन नवतप्यात, सीताबर्डीला मेट्रो बदलून आणि पुढचे अंतर उन्हातून पायी चालून आपण आमच्या प्रयोगशाळेत आलात, त्याला आज तीन आठवडे झाले. त्या दिवशी आपण मानधनाचे पाकीट हातात घेतले नाही आणि आभाराचे शब्दही पुरते ऐकून घेतले नाहीत, म्हणून ते आज सर्वांसमोर लिहीत आहे.

आमच्याकडे बारा सर्व्हर आहेत. कोऱ्या यंत्रावर दुरूनच ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची आणि काम संपले की ते पुसून पुढच्या संशोधकाच्या हाती द्यायचे, यासाठी आम्ही ओपनस्टॅक या क्लाउड उभारणीच्या मुक्त सॉफ्टवेअरसंचातले आयरॉनिक वापरतो. हे साधन यंत्र चालू-बंद करते, नेटवर्कवरून बूट करते, डिस्क पुसते; त्यामुळे ज्याच्या हाती त्याची एपीआय, म्हणजे आज्ञा स्वीकारणारी खिडकी, त्याच्या हाती बाराही यंत्रांचा जीव. ती एपीआय आमच्याकडे दोन वर्षे ६३८५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, उघडी पडली होती. ना कोणी नाव विचारत होते, ना पासवर्ड. ज्यांनी ही व्यवस्था बसवून दिली त्यांनी ‘नोऑथ’, म्हणजे ओळख न विचारण्याची सोय, ठेवले, आणि मी विचारले तेव्हा ‘आतलेच नेटवर्क आहे मॅडम, कोण येते इथे?’ असे म्हणून बिल पुढे केले.

मार्चमध्ये कोणीतरी चुकीच्या यंत्राला अनडिप्लॉयची, म्हणजे यंत्र रिकामे करण्याची, आज्ञा दिली. आयरॉनिकने सांगितलेले काम चोख केले, आणि एका संशोधक विद्यार्थिनीने आठ महिने वर्धा-यवतमाळच्या शेतांतून फिरून काढलेली कापसाच्या पानांची छायाचित्रे पुसली गेली. निम्मी तिच्या घरच्या हार्ड डिस्कवर होती, बाकीची कायमची गेली. हे कोणी केले, याचे उत्तर आजही आमच्याकडे नाही. नाव विचारलेच नव्हते, तर नोंद कशी सापडणार? आणि नोंद नसली की बोट सर्वांत दुबळ्या माणसाकडे वळते. ते आमच्या कंत्राटी साहाय्यकाकडे वळले. तोंडावर त्याला कोणी काही बोलले नाही. फक्त सर्व्हर रूमची किल्ली त्याच्याकडून काढून घेण्यात आली, आणि त्याने आमच्यासोबत चहाला येणे सोडले. मीही तेव्हा गप्प बसले, ही गोष्ट या पत्रातून मला वगळता येणार नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले, त्यांच्याबद्दल मनात अजून राग आहे. मूळ बसवणाऱ्यांनी फोन उचलणे बंद केले. दुसऱ्या एकाने रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड व्हॉट्सॲपवर मागितला आणि मी नकार दिला तेव्हा ‘विश्वास नसेल तर काम कसे होणार’ असे मलाच सुनावले. तिसऱ्याने कीस्टोन या ओळख आणि अधिकार तपासणाऱ्या भागासकट सगळे ओपनस्टॅक नव्याने उभे करण्याचे अंदाजपत्रक पाठवले. मी स्वतः नावे आणि पासवर्डांची फाइल तयार करून पाहिली, तर बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ लागला. तेव्हा चौथ्याचा सल्ला आला की ऑथेंटिकेशन, म्हणजे ओळख तपासणे, पुन्हा बंद करून टाका, म्हणजे अडचणच राहणार नाही. आमच्याकडे पाठ फिरवणारे असे चार जण झाल्यावर आपण आलात.

आपण ती फाइल उघडायला सांगितली, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नावापुढच्या अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणालात, ‘पासवर्ड बरोबर आहे, ठसा दुसऱ्या साच्यातला आहे.’ आमच्याकडच्या आवृत्तीला फक्त बीक्रिप्ट पद्धतीचा हॅश, म्हणजे पासवर्डचा ठसा, चालतो, आणि मी काहीही न सांगता आज्ञा चालवल्यामुळे जुन्या एमडी५ पद्धतीचा तयार झाला होता. दोन महिन्यांचे कोडे दहा मिनिटांत सुटले. पण बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये पासवर्ड नुसता बेस६४ या अक्षरबदलाच्या कागदात गुंडाळून जातो, कोणीही तो कागद उलगडू शकतो, म्हणून समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून टीएलएस, म्हणजे वाटेतला मजकूर झाकणारे कुलूप, लावल्याशिवाय आपण पुढे पाऊल टाकू दिले नाही. बाकीचे तपशील इथे लिहीत नाही. ते माझ्या वहीत आपल्याच शब्दांत उतरवून ठेवले आहेत.

मला लिहायचे आहे ते यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल.

माझा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा आपण कळफलक माझ्याकडे सरकवलात, खुर्ची पूर्ण फिरवलीत आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. त्या भिंतीवर अग्निशामक नळकांड्याचे जुने तपासणीपत्र लटकलेले आहे. आपण चष्मा वर करून ते वाचत होतात, आणि माझे ‘झाले’ कानावर पडेपर्यंत आपण मान वळवली नाहीत. वयाने तीस वर्षांनी मोठे असूनही आपण मला ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणत होतात. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही आणि माझी बोटे पाहून आपल्याला काही मिळवायचेही नव्हते, तरी आपण पाठ फिरवलीत. ज्यांनी माझ्याकडे पासवर्ड मागितले होते त्यांची मला त्या क्षणी आठवण झाली, आणि माझे डोळे भरून आले ते आपल्याला दिसले नसावेत, कारण आपण भिंतीकडे पाहत होतात.

मग आपण विचारलेत, या यंत्रांवर आणखी कोण कोण काम करते. मी चार नावे सांगितली आणि थांबले. आपण दाराकडे पाहिलेत, जिथे तो मुलगा पाण्याची बाटली घेऊन उभा होता, आणि म्हणालात, ‘आणि हे?’ आमच्या विभागप्रमुखांनी हळू आवाजात शंका काढली, कारण या फाइलमधल्या प्रत्येक नावाला सारखाच, पूर्ण अधिकार मिळतो. वेगवेगळ्या भूमिका हव्या असतील तर कीस्टोनच लागते, हे आपणच थोड्या वेळापूर्वी सांगितले होते. आपले उत्तर मला शब्दशः आठवते : ‘साहेब, काम हे करणार आणि नाव दुसऱ्याचे वापरणार, तर उद्या काही बिघडले की संशय पुन्हा यांच्यावरच.’ आपण त्याला त्याचे पूर्ण नाव विचारलेत, त्याला खुर्चीत बसवलेत, आणि माझ्या वेळी फिरवली होती तितकीच खुर्ची फिरवून पुन्हा ते तपासणीपत्र वाचू लागलात. त्याला दोन बोटांनी टाइप करायला वेळ लागला. दोनदा चुकले. आपण एकदाही वळून पाहिले नाहीत.

काका, सभ्यपणा म्हणजे गोड बोलणे, अशी माझी समजूत होती. गोड बोलणारे मला त्या दोन महिन्यांत पुष्कळ भेटले. आपण फारसे बोललाही नाहीत. दुसऱ्याची गोष्ट दुसऱ्याची म्हणून राहू द्यायची, मग तो विभागप्रमुख असो की कंत्राटावरचा मुलगा, हे आपल्या अंगवळणी इतके पडले आहे की आपण ते करत आहात हे आपल्याला जाणवतही नसेल. अशी माणसे आपल्या नागपुरात अजून आहेत आणि ती मेट्रोत आपल्या शेजारी बसलेली असतात, या जाणिवेने मला खरोखर बळ आले आहे. निघण्यापूर्वी चाचणीसाठी घातलेली आपल्या नावाची ओळही आपण माझ्याच हातून काढायला लावलीत.

त्याच रात्री दहा वाजता मी घाबरून फोन केला होता, कारण एनजिनएक्सच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, काही ओळींत नावाची जागा अजून रिकामी दिसत होती. जेवण बाजूला ठेवून आपण समजावलेत की नुकत्याच बूट झालेल्या यंत्राजवळ पासवर्ड नसतो, म्हणून लुकअप (यंत्राने आपली नोंद शोधणे) आणि हार्टबीट (आपण चालू असल्याचे कळवणे) ही दोन दारे नावाशिवाय उघडी ठेवावी लागतात, आणि २०२० पासून त्यांच्या राखणीला एजंट टोकन, म्हणजे त्या यंत्राला मिळणारी गुप्त खूण, आले आहे. मी त्या ओळी पुन्हा तपासल्या; त्या खरोखरच तेवढ्या दोन दारांच्या होत्या.

त्या लॉगमध्ये नाव नसले की नेटवर्कवरच्या पत्त्यापुढे दोन आडव्या रेघा येतात, आणि नाव असले की एका रेघेनंतर नाव येते. गेल्या सोमवारी सकाळी सव्वानऊला सात क्रमांकाचे यंत्र सुरू झाल्याची ओळ आहे. पत्ता, एक रेघ, आणि तिच्यापुढे त्याचे नाव. किल्ली त्याला त्याआधीच परत मिळाली होती. त्या दिवशी तो आमच्यासोबत चहाला आला.

आपली कृतज्ञ,
प्रयोगशाळेतील ताई
नागपूर