नंद्या, "ही पहिल्यासारखी राहिलीच नाही" म्हणालास त्यावरून

प्रिय नंद्या,

तुझा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, पहिल्यांदा अर्ध्यात सोडला कारण पोरगं उठलं. बोलून उत्तर द्यायला गेले तर मधेच कोणीतरी रडणार (तो किंवा मी), म्हणून टाइप करतेय, जसा वेळ मिळेल तसं तुकड्यातुकड्यात, त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर चालवून घे.

तू म्हणालास की बाळंतपणानंतर बायको पहिल्यासारखी राहिलीच नाहीये, बोलता बोलता शब्द विसरते, परवा मोबाइल फ्रीजमध्ये सापडला, आणि बाळाने नुसती कूस बदलली तरी ताडकन उठून बसते, तू शेजारी ढिम्म झोपलेला. इथपर्यंत ठीक. पण शेवटी सुस्कारा टाकून जे म्हणालास ना, "जाऊ दे, आई ती आईच, आपल्यात ते उपजतच नसतं", तिथे माझं डोकं फिरलं. गेले चौदा महिने रात्री-बेरात्री पोराला पाजत एका हाताने याच विषयावरचं मिळेल ते वाचत बसलेय मी, त्यामुळे आता तुला हे ऐकावं लागणार आहे.

आधी हे मान्य करते की ती बदललीये. अगदी शब्दशः. एल्सेलिन हूकझेमा म्हणून एक संशोधक आहे, तिने आणि बार्सिलोनातल्या तिच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आई होणाऱ्या २५ बायकांचे एमआरआय काढले, एकदा दिवस जायच्या आधी आणि एकदा बाळंतपणानंतर, आणि तुलनेला बाबा लोकांचेही आणि मूल नसलेल्यांचेही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ते छापून आलं. बायकांच्या मेंदूतलं ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतल्या पेशींचा राखाडी भाग, ठरावीक ठिकाणी कमी झालेलं दिसलं, ते इतकं ठळक की नुसते स्कॅन बघून कॉम्प्युटरने कोण आई झालीये आणि कोण नाही हे एकूणएक बरोबर ओळखलं. बाबांच्या स्कॅनमध्ये तसं काही नाही. दोन वर्षांनी परत बघितलं तर बदल तसेच, पुढे सहा वर्षांनी त्यातल्या काही जणींना परत बोलावलं तेव्हाही बहुतेक बदल होतेच.

आता "कमी झालं" म्हटल्यावर तुझ्या डोक्यात जे आलं ते माझ्याही आलं होतं, की झालं, गेला मेंदू बाळाबरोबर. पण कमी कुठे झालंय ते बघ ना. समोरच्याच्या मनात काय चाललंय, त्याला काय हवंय, हे ताडायला मेंदूचे जे भाग लागतात नेमके तेच. आणि ज्यांच्यात हा बदल जास्त, त्यांची बाळाशी जवळीकही जास्त निघाली. वयात येताना पोरापोरींच्या मेंदूतही हेच होतं, ग्रे मॅटर कमी होतं आणि त्याला कोणी बिघाड म्हणत नाही, मेंदू वापरातल्या वाटा मळवतो आणि बाकीच्यांवर गवत वाढू देतो अशातला तो प्रकार. काही संशोधकांनी तर बाळंतपण आणि पौगंडावस्था शेजारी शेजारी ठेवून तुलना केलीये आणि बदलांचा साचा बराचसा सारखा निघाला. तुला आठवतंय ना आपण चौदा-पंधराचे असताना किती असह्य होतो? तुझी बायको दुसऱ्यांदा त्यातून जातेय, फक्त यावेळी कडेवर एक जीव आहे आणि झोप नाहीये.

मला सगळ्यात आवडलेली लिझ क्रॅस्टिल. ही बाई स्वतःच मेंदूशास्त्रज्ञ, तिने ठरवलं की आपण मूल होऊ देणारच आहोत तर आपलाच मेंदू का नको, आणि दिवस जायच्या तीन आठवडे आधीपासून ते बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत तब्बल २६ वेळा स्वतःला मशीनमध्ये घातलं. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ग्रे मॅटर आठवड्यागणिक हळूहळू साधारण ४ टक्क्यांनी उतरत गेलं, आणि त्याच वेळी व्हाइट मॅटर, म्हणजे मेंदूच्या भागाभागांना जोडणाऱ्या तारा, त्या गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत जास्त सशक्त झाल्या आणि बाळंतपणाच्या सुमारास परत पूर्वपदावर आल्या. पोटुशी असताना त्या खडखडणाऱ्या मशीनमध्ये इतक्या वेळा हलायचं नाही म्हणून पडून राहायचं, मला तर साधी सोनोग्राफी होईपर्यंत दम निघत नव्हता.

आणि हे सगळं घडवून कोण आणतं, तर मुख्यतः वार. प्लासेंटा. नऊ महिन्यांसाठी उभा केलेला कारखानाच तो, प्रोजेस्टेरॉन नेहमीच्या दहा-पंधरा पट आणि इस्ट्रोजेन त्याहूनही कितीतरी जास्त. हे रक्तातून मेंदूत जातं. लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये जॉनी कोल आणि मंडळींनी उंदरांवर केलेलं काम २०२३ मध्ये आलं, त्यात हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागातल्या एका छोट्या पेशींच्या घोळक्यावर हे दोन्ही हार्मोन कसे काम करतात ते दाखवलंय. इस्ट्रोजेनने त्या पेशी एरवी शांत होतात पण इशारा मिळाला की जोरात पेटतात, आणि प्रोजेस्टेरॉनने त्यांना नव्या जोडण्या फुटतात. हे सगळं पिल्लं जन्मायच्या आधीच. त्या पेशींना हार्मोन कळूच नयेत अशी सोय केली तर पिल्लं झाल्यावरसुद्धा ती उंदरीण त्यांच्याकडे नीट बघत नाही. म्हणजे आईपणाची तयारी बाळाचं तोंड बघायच्या आधीच सुरू असते, आणि आपल्याला वाटतं कुशीत घेतलं त्या क्षणी काहीतरी चमत्कार झाला.

मग बाळ येतं, पाठोपाठ वार पडते, आणि कारखानाच बंद. नऊ महिने चढत गेलेलं सगळं काही दिवसांत धाडकन खाली. चौथ्या दिवशी मला पोराचा एक मोजा सापडत नव्हता, एवढुसा, माझ्या अंगठ्यावर बसेल एवढा, आणि मी हमसून हमसून रडले, पाच-दहा मिनिटं, आणि मोजा माझ्याच मुठीत होता. आमचे हे बिचारे दारात उभे, आत यावं की पळून जावं ठरत नव्हतं. पहिल्या पंधरवड्यातलं असलं रडू बहुसंख्य जणींना येतं आणि आपोआप ओसरतं. पंधरा दिवसांनंतरही राहिलं तर ती वेगळी गोष्ट, त्यावर खाली येतेच.

ऑक्सिटोसिनचं तू बोललास, "ते प्रेमाचं हार्मोन ना". मला त्या शब्दाचा वैताग येतो, जाहिरातीत वाटतो तो. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क मांजरीला दिला आणि तिचं गर्भाशय आकसलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. पुढे १९५३ मध्ये विन्सेंट द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळवलं. कळा याव्यात म्हणून सलाइनमधून देतात ते हेच. आणि पान्हा फुटतो तोही यानेच, दूध तयार करायचं काम प्रोलॅक्टिनचं पण ते बाहेर ढकलायचं काम याचं. गंमत म्हणजे त्यासाठी बाळाने तोंड लावलंच पाहिजे असंही नाही. मी अडीच महिन्यांची बाळंतीण असताना एकदा लिफ्टमध्ये एक बाई तिचं बाळ घेऊन शिरली, ते बाळ रडायला लागलं, कोणाचं कोण ते, आणि चौथ्या मजल्यापर्यंत माझा टॉप पुढून ओला. पोरगं घरी झोपलेलं. मी पर्स छातीशी धरून उतरले. हे माझ्या मनाने ठरवलं नव्हतं रे, मला विचारलंच नव्हतं कोणी.

तर ती ताडकन का उठते, ते इथेच. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फ्रोम्के आणि बियांका जोन्स मार्लिन यांनी उंदरांवर प्रयोग केला, २०१५ चा. घरट्याबाहेर पडलेली पिल्लं आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात ओरडतात, आई धावत जाऊन उचलून आणते, पिल्लं न झालेली मादी मात्र खुशाल दुर्लक्ष करते. तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या ऐकण्याच्या भागात ऑक्सिटोसिन पोचवलं तर तीही लवकर शिकते, पिल्लू उचलून आणते. कान तेच, आवाज तोच, मेंदूने फक्त त्या आवाजाला महत्त्वाच्या खात्यात टाकलं. उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नये हे कळतं मला, पण बाथरूमचा नळ सोडला की त्यात मला अजूनही पोराचं रडणं ऐकू येतं, नळ बंद करून श्वास रोखून ऐकावं तर तो गाढ झोपलेला असतो.

आता तुझ्या "उपजत"कडे येते. १९६० च्या दशकात जे रोझेनब्लॅट नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट केली. कधी पिल्लं न झालेल्या उंदरिणींच्या पिंजऱ्यात रोज दुसऱ्याची पिल्लं ठेवली. पहिले दिवस त्या लांब पळतात, कोपऱ्यात बसतात. आठवडाभर हे चालू ठेवलं की त्यांना चाटायला लागतात, गोळा करून पोटाखाली घेऊन बसतात. आणि नंद्या, नरसुद्धा. त्यानेच १९६८ मध्ये जोसेफ टर्केलबरोबर नुकत्याच व्यालेल्या उंदरिणीच्या रक्तातला प्लाझ्मा अशा माद्यांना टोचला तर तेच काम कितीतरी लवकर झालं. म्हणजे हार्मोनने वाट सोपी होते, जवळची होते. पण दुसरी वाटही आहेच, लांबची, सहवासाची.

आणि ती माणसातही दिसलीये. इस्राएलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ मध्ये ज्या घरात दोघे पुरुषच मूल वाढवतायत तिथल्या बाबांचे स्कॅन बघितले, आई नावाचं कोणी घरात नाहीच. या मुख्य सांभाळ करणाऱ्या बाबांचा अमिग्डला, धोका-बिका ओळखणारा भाग, आयांसारखाच जागा होता. सगळ्याच बाबांमध्ये हा भाग आणि मेंदूतला समोरच्याला समजून घेणारा भाग यांची जोडणी बघितली, तर ज्याने मुलाबरोबर जास्त वेळ काढला त्याची जास्त घट्ट. फिलिपाइन्समध्ये तरुणांना काही वर्षं फॉलो केलं, २०११ चं काम, बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, खाली आलं, आणि जे रोज तीन तास किंवा त्याहून जास्त मुलाचं करत होते त्यांचं आणखी खाली. तुला नऊ महिन्यांचा रेडिमेड पुरवठा झाला नाही, मान्य. पण तू पाच आठवड्यांत किती तास एकट्याने लेकीला घेतलंयस? ती रडली की तू दोन मिनिटांत परत बायकोकडे देतोस, हे तूच सांगितलंस. मग तुझ्या मेंदूने कधी शिकायचं?

फ्रीजमधल्या मोबाइलचा दोष मात्र सगळा हार्मोनवर टाकू नकोस. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, स्मरणशक्ती थोडी मंदावते असं अभ्यासात दिसतं, पण फरक लहान असतो, लोकांच्या लक्षातही येत नाही एवढा. पाच आठवडे सलग तीन तास झोप न मिळालेला कोणीही मोबाइल फ्रीजमध्ये ठेवेल. तू ठेवशील.

आता ती वेगळी गोष्ट. हे नीट वाच, स्क्रोल करू नकोस.

तिसऱ्या आठवड्यात मी पोराला घेऊन जिना उतरत होते आणि डोळ्यासमोर एकदम चित्र आलं, तो माझ्या हातातून सुटून पायरी पायरी आपटत खाली जातोय. स्पष्ट, आवाजासकट. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. त्यानंतर महिनाभर जिना म्हटलं की पोटात गोळा. डॉक्टरांना सांगितलं तर वर न बघता लिहीत लिहीत म्हणाले, "होतं असं, झोप काढत जा". झोप! नंतर वाचलं तेव्हा कळलं की असे नको ते विचार नव्या आईबापांना सर्रास येतात, अतिसावध झालेल्या मेंदूचीच ती करामत, आणि त्यांनी घाबरणं याचा अर्थ आपण तसं काही करणार असा होत नाही. हे एक वाक्य मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर तो महिना वाचला असता.

पण विचार जात नसतील, पंधरा दिवस उलटूनही रडू, रितेपण, बाळ झोपलं तरी झोप नाही, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्याप्रमाणे जगभरात नुकत्याच आई झालेल्या साधारण १३ टक्के बायकांना मानसिक त्रास होतो, मुख्यतः हाच. त्यात हार्मोनचाही हात आहे, प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूला शांत ठेवणारं एक रसायन बनतं, अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन, प्रोजेस्टेरॉन कोसळलं की तेही कोसळतं आणि काहींच्या मेंदूला तो धक्का पेलत नाही. याच धाग्यावरून अमेरिकेत २०२३ मध्ये झुरॅनोलोन नावाची गोळी मंजूर झाली, चौदा दिवसांचा कोर्स. ती मिळो न मिळो, समुपदेशन आणि नेहमीच्या औषधांनीही बरं होतं. आणि कधी ती भलतंच काही बोलायला लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, दिवसेंदिवस न झोपताही टक्क जागी आणि जोशात असली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. हे हजारात एक-दोघींना होतं, पण ज्यांना होतं त्यांच्या घरच्यांना पटकन कळत नाही.

तर आज रात्री तिला सरळ विचार, नको ते काही डोळ्यापुढे येतं का म्हणून. "कशी आहेस" असं नको, त्याला ती "बरी आहे" म्हणेल. आणि ढेकर काढायचं आणि डायपर बदलायचं काम आजपासून तुझं, पोरगी रडली तरी परत द्यायची नाही, वीस मिनिटं तरी. पहिले दिवस ती तुझ्याकडे परक्यासारखं बघेल, तूही तिच्याकडे.

इकडे चळवळ सुरू झालीये, थांबते. नाही, नळच होता.

तुझी
मंजू

ता. क. मोबाइल चालू झाला का?