दगडावर आकडा नको, नावं लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चमध्ये भिंतीवर बऱ्याचदा एक लाकडी पाटी नाहीतर फ्रेम केलेला कागद असतो, रोल ऑफ ऑनर म्हणतात त्याला. 1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पोरं भरती व्हायला लागली तशा या याद्या लागल्या, प्रार्थनेच्या वेळी पाद्री त्यातली नावं वाचायचे, कुणी गेल्याची बातमी आली की नावापुढे क्रॉस. बऱ्याच याद्यांत परत आलेल्यांचीही नावं असतात, एकाच आडनावाचे भाऊ ओळीने. 1915 नंतर मृतदेह घरी आणायला बंदीच होती, त्यामुळे कित्येक आईबापांना फुलं वाहायला ती पाटी हेच ठिकाण होतं.

आणि आपल्याकडे? सातारा, कोकणातल्या गावांत त्याच लढाईचे दगड आहेत, "या गावातून इतकी माणसं 1914-1919 च्या महायुद्धात गेली, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले", बस्स, आकडा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे 46 जण कामी आले असं सगळे अभिमानाने सांगतात, पण त्या 46 मधली किती नावं आपल्याला येतात? आमच्या घरातला एक जण मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेला तो आलाच नाही, घरात त्याचं नाव अजून घेतात पण दगडावर तो नुसता एक आकडा आहे, याचं मला फार वाईट वाटतं. तिथल्या कुट शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्या भागातल्या मृतांचं स्मारक बसऱ्याला आहे, तिथे ऑफिसरांची नावं कोरली पण साध्या हिंदुस्थानी शिपायांची पलटणीप्रमाणे नुसती संख्या! 2021 मध्ये युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने हा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली.

माफी ठीक आहे, पण नावं गोळा करणं आपल्या हातात आहे ना. पंजाबच्या सुमारे 3 लाख 20 हजार सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या म्युझियममध्ये होत्या, गाववार, त्या डिजिटल करायचं काम सुरू झालं. आपल्याकडे जुनी पेन्शनची कागदं, मेडल (मेडलच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते, नीट बघा), म्हाताऱ्यांच्या आठवणी अजून घराघरात आहेत. ग्रामपंचायतींनी ते जमवून दगडाशेजारी नावांची पाटी लावावी, परत आलेल्यांसकट. तुमच्या पेपरनेही येत्या 11 नोव्हेंबरच्या (1918 ला लढाई थांबली तो दिवस) आत वाचकांकडून अशी नावं मागवून गाववार छापावीत ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा