जाहिरातीचे शुल्क, विक्रीचे पैसे आणि परतावा यांतील गोंधळाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींचे ॲप

विषय : शुल्काची पूर्ण रक्कम आधी न दाखवणे, अडकलेल्या पेमेंटचा परतावा न देणे आणि त्या गोंधळातून फसवणुकीला मिळणारी वाट.

महोदय,

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवरून आपल्या ॲपवर जुने सामान विकणाऱ्या आम्हा काही ग्राहकांचे हे पत्र आहे. कुणी घरातला एकच फ्रीज काढतो, तर कुणी होडीची आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून बसवायची इंजिने), मासळीचे डीप फ्रीझर, आंबा बागेतले फवारणी पंप दुरुस्त करून विकतो. शुल्क असू नये असे आमचे म्हणणे नाही. दुकानाचा गाळा फुकट मिळत नाही, तशी जाहिरातीची जागाही मिळणार नाही. पण गाळ्याचे भाडे किती, कुणाला आणि कधी द्यायचे हे गाळा घेण्याआधी ठरते. आपल्याकडे ते पैसे गेल्यावर कळते.

आपल्या ॲपमध्ये तीन वेगळे पैसे फिरतात. जाहिरातीचे शुल्क विक्रेता कंपनीला देतो. वस्तूची किंमत खरेदीदार विक्रेत्याला देतो. आणि ‘सुरक्षित पेमेंट’ निवडले तर कंपनी त्या किमतीतून सेवाशुल्क कापते. या तिन्हींसाठी एकाच रंगाची स्क्रीन आणि एकच ‘पुढे जा’ हे बटण आहे. पैसे ग्राहकाच्या खात्यातून जाणार की खात्यात येणार, हे बटणावर कुठेही लिहिलेले नाही. खालच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

जाहिरातीच्या शुल्कापासून सुरुवात करतो. पहिल्या स्क्रीनवर ‘३९९ रुपये’ असे ठळक दिसते. दुसऱ्या स्क्रीनवर ९९ रुपयांची ‘ठळक पट्टी’ ही जोडसेवा आधीच टिक करून ठेवलेली असते. १८ टक्के जीएसटी थेट यूपीआय ॲप उघडताना लागतो. म्हणजे ३९९ आणि ९९ मिळून ४९८, त्यावर कर ८९ रुपये ६४ पैसे, एकूण ५८७ रुपये ६४ पैसे. टिक काढली तरी ४७० रुपये ८२ पैसे होतातच. ३९९ रुपयांत जाहिरात कुणालाही लागत नाही, मग तो आकडा दाखवायचा कशाला? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार आधीच टिक केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती घेता येत नाही. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवणारी स्क्रीनची मांडणी) याविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार दिले आहेत. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे आणि न मागितलेली गोष्ट बिलात सरकवणे हे दोन्ही त्यांत आहेत. आपल्या एकाच व्यवहारात दोन्ही सापडतात.

शुल्क वर्गवारीवर ठरते आणि वर्गवारी आपणच मागाहून बदलता. आउटबोर्ड मशीनला आपल्या यादीत जागाच नाही. ‘सुटे भाग’मध्ये टाकले तर जाहिरात परस्पर ‘इतर वाहने’मध्ये जाते आणि तिथला दर जास्त असल्याने फरकाची रक्कम भरेपर्यंत ती दिसत नाही. ‘वाहने’मध्ये टाकले तर आरसी नंबर भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मशीनला आरटीओचा नंबर कुठून आणायचा? एकाच कंपनीची, एकाच ताकदीची दोन मशीन विकायची असतील तर दुसरी जाहिरात ‘डुप्लिकेट’ म्हणून नाकारली जाते आणि शुल्क बुडते. इंजिनावर कोरलेला सिरियल नंबर वेगळा असतो. तो भरायला एक रकाना दिला असता तर हा प्रश्नच उरला नसता.

३० दिवसांची मुदतही जाहिरात दिसू लागल्यापासून नव्हे, पैसे भरल्यापासून मोजली जाते. मंजुरीत जाणारे दोन-तीन दिवस विक्रेत्याच्या खात्यातून वजा. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मशीन आणि जाळ्यांचा खरा खप जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात असतो. तेव्हाचे तीन दिवस म्हणजे थोडे नाहीत.

‘२५ किलोमीटर परिसरात वर दिसा’ या जोडसेवेबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण ती बनवणाऱ्याने किनारा पाहिलेला दिसत नाही. मालवण बंदरावर कंपासचे टोक ठेवून २५ किलोमीटरचे वर्तुळ काढा. साधारण अर्धे वर्तुळ अरबी समुद्रात पडते. तिथे बांगडे आहेत, गिऱ्हाईक नाही. दर मात्र जमिनीवरच्या गावाइतकाच. खाड्यांचेही तेच. दाभोळ आणि धोपावे नकाशावर एकमेकांना खेटून आहेत, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोट चुकली की फ्रीज भरलेल्या टेम्पोला चिपळूणवरून वळसा. आपले ॲप मात्र सरळ रेषेत अंतर मोजून वाहतुकीचा ‘अंदाजे खर्च’ खरेदीदाराला दाखवते. पुढे टेम्पोवाला खरे भाडे सांगतो तेव्हा खोटे ठरतो तो विक्रेता. शुल्क तालुकावार ठेवावे आणि अंतर रस्त्याने मोजावे.

आता अडकलेली पेमेंट. पावसात रेंज जाते आणि यूपीआयवर ‘प्रलंबित’ असे येते. आपले ॲप दोन मिनिटांत ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ म्हणते आणि प्रत्येक प्रयत्नाला नवा ऑर्डर क्रमांक तयार करते. पहिली रक्कम मागाहून वळती होते, दुसरी तर गेलेलीच असते, आणि जाहिरात एकच लागते. बँकेकडून पहिल्या व्यवहाराचा निकाल येईपर्यंत दुसरे पेमेंट सुरूच होऊ न देणे एवढाच यावर उपाय आहे. कस्टमर केअर ऑर्डर क्रमांक मागते, बँक १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा बँकेतला क्रमांक, मागते, आणि आपल्या पावतीवर यूटीआर छापलेलाच नसतो. तो यूपीआय ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात जाऊन शोधावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून पैसे गेले पण व्यापाऱ्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी आणि त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई लागू होते. आपले उत्तर येते, ‘७ ते १० कामकाजाचे दिवस थांबा’. हा आकडा कुठून आला ते कळवावे.

जाहिरातींच्या पॅकचे आपोआप नूतनीकरणही असेच गुपचूप. पहिल्या खरेदीत ‘सवलत मिळवा’ या ओळीखाली यूपीआय ऑटोपेची, म्हणजे दर मुदतीला आपोआप पैसे कापण्याची, मंजुरी घेतली जाते. पैसे कापण्यापूर्वी २४ तास आधी सूचना येते खरी, पण तीत आपले नाव नसून मधल्या पेमेंट कंपनीचे नाव असते, म्हणून ती कुणी ओळखत नाही. जाहिरात काढून टाकली, अगदी ॲप फोनमधून उडवले, तरी ऑटोपे चालूच राहतो. तो यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन रद्द करावा लागतो. हे आपल्या मदत-पानावर एका ओळीत लिहिता आले असते. जीएसटी नोंदणी असलेल्यांना बिलही मिळत नाही. मिळते ती जीएसटी क्रमांक नसलेली पावती, जी हिशेबाला निरुपयोगी आहे.

‘सुरक्षित पेमेंट’ची कल्पना चांगली आहे. खरेदीदाराचे पैसे कंपनी धरून ठेवते, वस्तू पोहोचली की सोडते. पण विक्रेत्याकडून ३ टक्के शुल्क घेतले जाणार हे त्याला पैसे जमा झाल्यावर दिसते. १४,००० रुपयांच्या डीप फ्रीझरवर ४२० रुपये आणि कर ७५ रुपये ६० पैसे कापून हातात येतात १३,५०४ रुपये ४० पैसे. चॅटमध्ये घासाघीस होऊन सौदा १२,५०० ला ठरला तरी कपात जाहिरातीतल्या १४,००० वरच होते. योग्य कपात ४४२ रुपये ५० पैसे असताना ४९५ रुपये ६० पैसे जातात, म्हणजे ५३ रुपये १० पैसे जास्त. शिवाय खरेदीदाराच्या स्क्रीनवर ‘संरक्षण शुल्क’ वेगळे लागते. एकाच सौद्यावर दोघांकडून पैसे घेत असाल तर ते दोघांनाही दिसू द्या. आज दोघे एकमेकांवरच संशय घेतात.

दुचाकीच्या सौद्यात तीन दिवसांनी व्यवहार आपोआप ‘पूर्ण’ धरणे चुकीचे आहे. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, हे तीन दिवसांत उरकत नाही. सावंतवाडीची गाडी गोव्यातल्या पेडण्याला गेली तर परराज्यासाठीचे ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी), म्हणजे फॉर्म २८, आणखी वेगळा.

सर्वांत गंभीर मुद्दा फसवणुकीचा. विकणाऱ्याला खरे तर पैसे घ्यायचे असतात. पण आपल्या ॲपने त्याच्या हाताला वळण लावले आहे की विकायचे तर आधी आपणच क्यूआर स्कॅन करायचा आणि पिन टाकायचा. भामटा याच वळणावर उभा असतो. जाहिरात लागताच काही मिनिटांत चॅटवर येतो आणि सांगितली ती किंमत कबूल करतो. (घासाघीस न करणारे गिऱ्हाईक आमच्याकडे एरवीही संशयास्पदच.) सैन्यात आहे, बदली झाली आहे, सामान गाडीने उचलतो, असे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवतो. आधी १० रुपये खरोखर पाठवून विश्वास बसवतो. मग क्यूआर पाठवून म्हणतो, ‘स्कॅन करून पिन टाका, बाकीचे जमा होतील.’ पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. दुसरी तऱ्हा पैसे जमा झाल्याच्या खोट्या मेसेजची : ‘१,४०० ऐवजी चुकून १४,००० गेले, वरचे परत करा.’ मेसेज बँकेच्या नावाने नव्हे, दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो आणि खात्यात एक रुपयाही वाढलेला नसतो. तिसरी तऱ्हा थेट आपल्या नावाने चालते : ‘सुरक्षित पेमेंट सुरू करण्यासाठी विक्रेत्याने परत मिळणारी अनामत भरावी.’ आपली खरी स्क्रीन आणि ही मागणी इतकी सारखी दिसते की माणूस शंका घेत नाही.

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. तरी आपल्या मदत-पानावर अजून ‘खरेदीदाराची रिक्वेस्ट स्वीकारा’ अशी पायरी आहे. ती आजच काढा. चॅटमध्ये क्यूआरचे चित्र आले की त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत यावे : ‘पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही, पिनही लागत नाही. मेसेज नको, बँकेतली शिल्लक बघा.’

फसवणूक झाल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार नोंदवताना यूटीआर, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅट लागते. पिन स्वतः टाकलेला असल्याने बँक सहसा हात वर करते, म्हणून हा पुरावाच काय तो आधार. आपल्याकडे मात्र ‘तक्रार करा’ दाबताच भामट्याचे खाते उडते आणि त्याबरोबर तक्रारदाराच्या फोनमधले चॅटही नाहीसे होते. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार काढून टाकलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या तक्रारदारालाही उतरवून घेता आल्या पाहिजेत.

पैसे भरण्याआधी एकाच स्क्रीनवर कर धरून एकूण रक्कम, ती कोण कुणाला देणार आणि नाकारल्यास किती दिवसांत परत मिळणार, एवढे मराठीत दिसावे. बटणावर ‘तुम्ही देणार’ किंवा ‘तुम्हाला मिळणार’ असे शब्द यावेत. नाकारलेल्या जाहिरातींचे, दोनदा कापलेले आणि सौद्याहून जास्त किमतीवर आकारलेले शुल्क परत करावे. त्या सर्व व्यवहारांचा यूटीआरसह तक्ता आणि स्क्रीनचे फोटो सोबत जोडले आहेत.

ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच दावा दाखल होतो आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. त्यापुढचे दर, बरे का, नियमांत आधीच लिहिलेले असतात.

कळावे,
आपले ग्राहक,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्हे

ता. क. : उत्तर चॅटवर देऊ नये. लाइट गेली की आमचा टॉवरही जातो आणि आपली चॅटची खिडकी १० मिनिटांत बंद होते. ईमेल किंवा पोस्टाने पाठवावे.